हजेरीपटाची नक्कल

वीस-पंचवीस माणसांच्या कारखान्यातही आज हजेरीपट आणि पगारपत्रके एकाच सर्व्हरवर असतात. ती बुडाली, तर कामगाराने आपल्या नोकरीची वर्षे सिद्ध करायची कशी? मालक म्हणतात, “दोन डिस्का आहेत, एकीवरचे दुसरीवर आपोआप उतरते.” ठीक, एक जळली तरी काम चालते. पण चुकून पुसलेली फाइल दुसरीवरूनही तत्क्षणीच जाते! २०१७च्या मे महिन्यात ‘वॉनाक्राय’ने जगभर फायलींना कुलपे घातली, तेव्हा अशी जोडी काय कामाची? रोजची नक्कल निराळ्या डिस्कवर घ्यावी, ती काढून दुसऱ्या इमारतीत ठेवावी, आणि अधूनमधून तिच्यातून एखादे पगारपत्रक परत काढून पाहावे. आमच्या युनियनच्या कचेरीत प्रथम पाहिले, तेव्हा नक्कल कोरी निघाली! छपाईचा सर्व्हर बिघडला, तर प्रिंटर थेट संगणकाला जोडता येतो. त्याची चिंता मागाहून.