बोटभर शिपायाची पुनर्घडण

एच. जी. वेल्स हे नाव आपल्याला विज्ञानकथांमुळे माहीत असते. याच वेल्सने 1913 साली 'लिटल वॉर्स' नावाचे एक छोटे पुस्तक लिहिले आणि घरातल्या जमिनीवर खेळण्यातले शिपाई मांडून लढाई कशी खेळावी, याचे नियम त्यात दिले. प्रशियाच्या लष्करात 1824पासून 'क्रीगश्पील' हा नकाशावरचा युद्धखेळ चालत असे. पण त्यातल्या पलटणी म्हणजे नुसते ठोकळे होते. वेल्सच्या शिपायांना मात्र चेहरे होते. विल्यम ब्रिटन या इंग्लिश कंपनीने 1893 साली पोकळ ओतकामाची पद्धत आणली. वितळलेला धातू साच्यात ओतायचा, कडेचा थर घट्ट झाला की आतला धातू परत काढून घ्यायचा. त्यामुळे सुमारे 54 मिलिमीटर उंचीचा शिपाई हलका आणि स्वस्त झाला आणि घराघरांत पोहोचला.

या खेळाच्या इतिहासाविषयी बरेच लिहिले गेले आहे. इथे विचार करायचा आहे तो त्यातल्या एका विलक्षण सवयीचा. हा खेळ खेळणारा माणूस विकत आणलेला शिपाई सहसा आहे तसा वापरत नाही. तो त्याचे डोके कापतो, हात बदलतो, अंगावर लांबी चढवतो आणि मग तासन्‌तास रंगवत बसतो. हे कशासाठी?

पहिले उत्तर टंचाईचे आहे. ब्रिटनमधल्या एअरफिक्स कंपनीने 1959पासून जेमतेम इंचभर उंचीचे प्लास्टिकचे शिपाई काढले. एका खोक्यात चाळीस-पन्नास नग मिळत आणि शाळकरी मुलाला परवडतील इतके ते स्वस्त असत. सैन्य उभारणे आवाक्यात आले, पण हवे ते सैन्य मिळत नव्हते. नेपोलियनच्या लढाया खेळायच्या, तर त्या काळचे शिपाई बाजारात नाहीत. मग अमेरिकन यादवी युद्धाचा शिपाई घ्यायचा, ब्लेडने त्याची टोपी तासायची, दुसऱ्याचे डोके टाचणीने मानेत बसवायचे आणि कागदाचे पट्टे चिकटवायचे. डोनाल्ड फेदरस्टोनच्या 'वॉर गेम्स' या 1962च्या पुस्तकाने ज्या पिढीला खेळ शिकवला, तिचे हात या कापाकापीवरच तयार झाले. या शिपायांचे पॉलिथीन मऊ असे. त्याला साधा डिंक धरत नसे आणि बंदूक वाकली की रंगाचे पोपडे उडत. त्यावर उपायही खेळाडूंनीच शोधले: आधी साबणाच्या पाण्याने तेलकटपणा घालवायचा, मग पांढऱ्या फेव्हिकॉलसारख्या गोंदाचा हात द्यायचा आणि त्यावर रंग.

आजचे शिपाई बहुधा कडक पॉलिस्टायरीनचे असतात. त्यासाठी वापरतात तो द्रव खरे तर चिकटवत नाही. तो दोन्ही पृष्ठभाग किंचित विरघळवतो आणि सुकल्यावर ते एकजीव होतात. धातूच्या शिपायाला ही सोय नाही. तिथे हाताने फिरवायच्या बारीक ड्रिलने दोन्ही बाजूंना भोक पाडून आत तारेचा तुकडा घालतात, नाहीतर तलवारीचा हात पहिल्याच धक्क्याला निखळतो. उरलेले काम एपॉक्सी लांबीचे. निळी आणि पिवळी पट्टी समभाग मळली की हिरवा गोळा होतो, म्हणून तिचे नाव 'ग्रीन स्टफ'. घट्ट व्हायला काही तास लागतात. तेवढ्या वेळात ओल्या कोरणीने तिच्यातून झगा, दाढी, पट्टा घडवायचा. कोरणी ओली नसेल, तर लांबी शिपायाला सोडून तिलाच चिकटते.

आता प्रमाणाचा प्रश्न. सध्याचा रूढ शिपाई साधारण 28 मिलिमीटरचा असतो. पण त्याचे डोके, हात आणि शस्त्र मुद्दाम मोठे केलेले असते. दिवाळीच्या किल्ल्यावर महाराज वीतभर आणि मावळा बोटभर असला, तरी आपल्याला खटकत नाही, कारण तिथे आकार मान सांगतो. इथे आकार ओळख सांगतो. टेबलापलीकडून, दोन-तीन फुटांवरून हा कोण आणि त्याच्या हातात काय, हे कळले पाहिजे.

रंगकामामागचे कारणही हेच, आणि ते प्रकाशाशी निगडित आहे. शिपाई लहान करता येतो. खोलीतला उजेड लहान करता येत नाही. खऱ्या सदऱ्याच्या चुणीत गडद सावली पडते. शिपायाच्या अंगावरची चुणी मिलिमीटरभरही खोल नसते, त्यामुळे उजेड सगळीकडे सारखा पोहोचतो आणि एकाच रंगात रंगवलेला शिपाई सपाट दिसतो. म्हणून रंगवणाऱ्याला सावली आणि प्रकाशही रंगवावा लागतो. अस्तर आणि मूळ रंग झाल्यावर तो अगदी पातळ, गडद रंगाचा 'वॉश' देतो; हा रंग आपोआप खोलगट भागात ओघळून साचतो. याच्या उलट 'ड्रायब्रश'. कुंचला जवळजवळ कोरडा होईतो पुसायचा आणि वरवर फिरवायचा. फिकट रंग फक्त उंचवट्यांना लागतो. जणू माथ्यावरून ऊन पडले आहे, असे धरून खांदे, नाक, टोपीची कड उजळतात.

वेल्सच्या खेळात स्प्रिंगच्या तोफेतून लाकडी गोळी सुटे आणि शिपाई खरोखर कोलमडत. पुढे हे काम फाशांनी केले. शिपायाला मार बसेनासा झाला आणि त्याच्या डोळ्यातल्या बाहुलीपर्यंत मेहनत घेणे परवडू लागले.

1983 साली गेम्स वर्कशॉपचा 'वॉरहॅमर' आणि 1987 साली त्याचा भविष्यकाळातला भाऊ 'वॉरहॅमर 40,000' आला. सैन्ये काल्पनिक असल्यामुळे अमुक गणवेशच बरोबर, असे म्हणायला इतिहास आडवा येत नव्हता. सुरुवातीला कंपनीच्याच मासिकात डिओडरंटच्या रिकाम्या बाटलीपासून रणगाडा करण्याची कृती आली होती. पुढे व्यवसाय वाढला आणि प्रश्न उभा राहिला: बदललेला शिपाई कुणाचा? चॅप्टरहाउस स्टुडिओज ही छोटी कंपनी वॉरहॅमरच्या शिपायांना बसतील असे सुटे भाग विकत होती. गेम्स वर्कशॉपने 2010 साली तिच्यावर शिकागोत दावा लावला. 2013च्या ज्यूरीच्या निर्णयात काही मुद्दे एका बाजूने गेले, काही दुसऱ्या. घरात बसून स्वतःसाठी डोके बदलणाऱ्याला त्याने काही अडवले नाही. पण पूर्वी टंचाईतून आलेली ही सवय आता मालकीच्या रेषेवर उभी आहे, हे त्यातून दिसले.

आपल्या दृष्टीने आणखी एक प्रश्न आहे. 23 सप्टेंबर 1803 रोजी आजच्या जालना जिल्ह्यात झालेली असईची लढाई पाश्चात्त्य खेळाडूंना परिचित आहे, कारण तिथे पुढचा ड्यूक ऑफ वेलिंग्टन लढला. त्याच्यासमोर शिंदे-भोसल्यांची फौज होती आणि तिच्यात पोलमान या हॅनोव्हरच्या अधिकाऱ्याच्या हाताखालच्या, युरोपीय कवायत शिकलेल्या पलटणी होत्या. अशी पलटण करायची तर युरोपीय पायदळाच्या धडावर लांबीची पगडी वळणे ही सोपी युक्ती. पण पगडी म्हणजे नुसते गुंडाळलेले कापड नव्हे. प्रदेश, जात, हुद्दा सगळे तिच्या बांधणीत असते. एकच गोल वेटोळे साऱ्या डोक्यांवर चढवले, तर टेबलावर मराठे, पठाण आणि तुर्क एकाच माणसाच्या प्रती होतात. चार मिलिमीटरच्या त्या जागेत करणाऱ्याचा अभ्यास किंवा आळस स्पष्ट दिसतो.

लुटुपुटीची लढाई खऱ्या लढाईपेक्षा बरी, असे वेल्सचे म्हणणे होते. पुढच्याच वर्षी महायुद्ध सुरू झाले. खेळण्याने युद्ध थांबत नाही. पण नकाशावरच्या ठोकळ्याला आपण 'पलटण' म्हणतो आणि ती पुढे ढकलतो. ज्याचे डोके आपण निवडले, ज्याच्या बाहीची चुणी उजळली, त्याला फाशाने बाद केले, की हात त्याला उचलण्यापूर्वी क्षणभर थबकतो.