साउंडबार आणि तुटलेला न्यूट्रल

मांजर्लीत वळवाचे ढग दाटून आले आणि मोबाइलवर 'दामिनी' ॲपचा वीज पडण्याचा इशारा झळकला की मी आधी साउंडबारची पिन काढतो. नुसतं बटण बंद करून भागत नाही. बटण फक्त फेज तोडतं, न्यूट्रल जोडलेलाच राहतो. शिवाय जवळपास वीज पडली तर तारेत उसळलेला दाब बटणातली बारीकशी फट ओलांडून जाऊ शकतो.

घरात येणाऱ्या 230 व्होल्टचा साउंडबारच्या आत डीसी होतो, तेव्हा कपॅसिटरवर सुमारे 325 व्होल्ट चढतात. तो बहुधा 400 व्होल्टपर्यंतच टिकणारा असतो. मोकळीक एवढीच.

स्पाइक गार्डमध्ये झिंक ऑक्साइडची छोटी चकती असते, एमओव्ही. नेहमीच्या दाबाला ती जवळजवळ काहीच करत नाही; दाब एकदम चढला की क्षणार्धात वाट मोकळी करते आणि जादा ऊर्जा स्वतःत जिरवते. प्रत्येक तडाख्याला ती थोडी झिजते. म्हणून गार्डवरचा संरक्षणाचा दिवा विझला असेल, तर हातात उरतो साधा एक्स्टेन्शन बोर्ड. घेताना ज्यूलचा आकडा छापलाय का, ते बघाच.

मला खरी धास्ती वाटते ती न्यूट्रलची. बिल्डिंगला तीन फेज येतात, न्यूट्रल मात्र सगळ्यांचा एकच. त्याचा जोड गंजून किंवा जळून तुटला की वेगवेगळ्या फेजवरची घरं एकमेकांतून जोडली जातात. जिथे गिझर चालू आहे तिथला दाब पडतो. शेजारी, जिथे फक्त दोन दिवे आणि साउंडबार आहे, तिथे तो 350 च्या पुढे चढतो. हे क्षणभराचं नसतं, मिनिटंच्या मिनिटं चालतं. कपॅसिटरवर तेव्हा 500 व्होल्टच्या आसपास असतात, आणि क्षणाच्या तडाख्यासाठी बनलेली एमओव्ही तापून जळते. इथे कामाचा तो ओव्हर-अंडर व्होल्टेज रिले. वायरमनकडून डीबीत, म्हणजे घरातल्या वितरण पेटीत, बसवून घ्या. दाब 270 च्या पुढे गेला की तो लाइनच तोडतो आणि दाब ठीक झाल्यावर थोडं थांबून पुन्हा जोडतो. एमसीबी हे काम करत नाही, तो जास्तीचा करंट बघतो.

गच्चीवरून उतरणारी केबल विसरू नका. वीज पडल्यावर उसळलेला दाब तिच्यातून, सेट-टॉप बॉक्समधून एचडीएमआयमार्गे साउंडबारपर्यंत येतो, म्हणून पिनेबरोबर तीही काढा. इंटरनेटचा फायबर काचेचा, त्याची भीती नाही.

आणि वायरमन आलाच आहे, तर सॉकेटमध्ये मीटर लावून अर्थिंग तपासायला सांगा: फेज आणि अर्थ यांत जवळपास 230, न्यूट्रल आणि अर्थ यांत दोन-तीन व्होल्टच. तसं नसेल तर रिलेच्या आधी अर्थिंग दुरुस्त करून घ्या.