दारात न मावलेली अक्षरे

इस्तंबूलच्या हागिया सोफियामध्ये घुमटाखाली आठ प्रचंड वर्तुळाकार फलक टांगलेले आहेत. अल्ला, प्रेषित, पहिले चार खलिफा आणि प्रेषितांचे दोन नातू यांची नावे त्यांवर सोनेरी अक्षरांत लिहिलेली असून एकेका फलकाचा व्यास सुमारे साडेसात मीटर भरतो. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास वास्तूचा जीर्णोद्धार झाला, तेव्हा मुस्तफा इज्जत एफेंदी या सुलेखनकाराने ते सिद्ध केले. पुढे १९३४ साली केमाल पाशांच्या सरकारने या मशिदीचे संग्रहालय करण्याचे ठरविले आणि फलक खाली उतरविले गेले. परंतु ते कोणत्याच दारातून बाहेर निघेनात! आतच पडून राहिलेले हे फलक १९४९ साली पुन्हा जागेवर चढले.

ही हकिकत आठवण्याचे कारण असे की, लिपी एका कायद्याने टाकून देता येते, पण तिच्या आधारे वाढलेली कला घराबाहेर काढणे किती अवघड असते, हे तुर्कस्तानइतके क्वचितच कोणी अनुभवले असेल. १ नोव्हेंबर १९२८ रोजी तेथील राष्ट्रसभेने अरबी लिपी रद्द करून रोमन वळणाची एकोणतीस अक्षरांची वर्णमाला स्वीकारली. १ जानेवारी १९२९ पासून पुस्तके नव्याच लिपीत छापावयाची, असा दंडक झाला. म्हणजे सारी उलथापालथ दोन महिन्यांत! या निर्णयास निव्वळ धर्मद्वेष म्हणणे अन्यायाचे होईल. तुर्की भाषेचे आठ स्वर अरबी लिपीत नीट मावत नसत, आणि त्या काळी दहांतील जेमतेम एकाला वाचता येत होते. साक्षरता पुढे वाढली, हेही निर्विवाद आहे.

परंतु त्याची किंमत नातवंडांनी मोजली. आजोबांच्या थडग्यावरचा लेख नातवाला केवळ नक्षी वाटू लागला. खुद्द केमाल पाशांनी १९२७ साली सहा दिवस चालविलेले ते प्रसिद्ध भाषण जुन्या लिपीत छापले गेले होते. ते नव्या लिपीत आले तरी, मधल्या काळात भाषेचीही इतकी छाटणी झाली की, पुढील पिढीसाठी त्याचे चक्क आजच्या तुर्कीत भाषांतर करावे लागले. राष्ट्रपित्याचे शब्द राष्ट्राला दुभाष्यावाचून कळू नयेत, याहून विचित्र ते काय? १९३४ साली तर नभोवाणीवरून जुने अभिजात संगीतही बंद झाले. जवळजवळ दोन वर्षे रसिकांनी रेडिओचा कान पिळून कैरोचे केंद्र ऐकले.

या काळात कला कोणी सांभाळली? हामिद आयताच (१८९१-१९८२) यांच्यासारख्यांनी. दियारबकिरहून आलेला हा थोर सुलेखनकार लिपी गेल्यावर छापखान्याच्या किरकोळ कामांवर पोट भरीत राहिला. आणि बगदादचे हाशिम यांच्यासारखे सुलेखनकार त्याच्याकडून 'इजाझत', म्हणजे आपल्या लेखनाखाली सही करण्याची गुरुदत्त अनुज्ञा, घेऊन गेले. नेज्मेद्दीन ओक्याय (१८८३-१९७६) सुलेखनकार, तिरंदाज आणि गुलाबांचे शौकीन होते. जुन्या बांधीव पुस्तकांच्या पुठ्ठ्यांवर आपल्याकडेही जो अबरी कागद दिसे, त्याच जातीच्या तुर्की 'एब्रू' कलेत त्यांनी फुले उमलविली. डिंकाने दाट केलेल्या पाण्यावर रंग शिंपडायचे, सुईने हलवायचे आणि कागद अलगद टेकवून उचलायचा. त्यांचे भाचे मुस्तफा द्यूझगुनमान यांनी उस्कुदारमध्ये अत्तार-काष्ठौषधींचे दुकान चालवीत हा वसा पुढे नेला. सरकारने यांना ना छळले ना फारसे विचारले.

आता वारे फिरले आहे. २०१४ साली एब्रू आणि २०२१ साली सुलेखन युनेस्कोच्या वारसायादीत दाखल झाले. २०१४ सालीच राष्ट्राध्यक्ष एर्दोगान यांनी, कोणाला रुचो वा न रुचो, शाळांतून उस्मानी तुर्की शिकविली जाईल, अशी गर्जना केली. तीवर मोठे वादळ उठले आणि सक्ती अखेर धार्मिक शाळांपुरतीच उरली. आम्हांस येथे दोन्ही पक्षांची एकच चूक दिसते. एकाने जुन्या अक्षराला मागासलेपणाची खूण मानले, दुसरा त्याला पताका मानतो. ते बसून वाचण्याची सवड मात्र थोड्यांनाच आहे. सुलेखन ही वाचण्याच्या वस्तूची कला आहे. वाचता न येणाऱ्या अक्षराचे सौंदर्य अर्धेच पोहोचते.

तुर्कांना हसण्याचा अधिकार आम्हांस नाही. मोडी घालविण्यास आम्हांला कोणा पाशाची गरज पडली नाही. छापखान्याला बाळबोध सोयीची पडली, शाळांनी मोडी सोडली आणि पुण्याच्या पेशवे दफ्तरातील रुमाल सोडवून वाचू शकणारे मोजकेच उरले. घराघरांतील लाकडी पेट्यांत आजही असे कागद सापडतात. घरातली माणसे ते उलटसुलट करून पाहतात, वळण सुंदर आहे असे म्हणतात आणि पुन्हा पेटीत ठेवतात.