दुकानाच्या संगणकावर कोणता ब्राउझर ठेवावा?

संगमनेरची ओळख विडी-तंबाखूची आणि पुणे-नाशिक रस्त्यावरच्या बाजारपेठेची. या पेठेतल्या अनेक गाद्यांवर आता वहीच्या शेजारी संगणक आला आहे. १ जुलै २०१७ पासून जीएसटी लागू झाला आणि विवरणपत्र, ई-वे बिल ही कामे इंटरनेटवर गेली. बँकेचे व्यवहारही तिकडेच वळले. या साऱ्या कामांचा दरवाजा म्हणजे ब्राउझर. दुकानाचे कुलूप आपण चार ठिकाणी पारखून घेतो, ब्राउझर मात्र जो समोर आला तो वापरतो. म्हणून या विषयावर थोडे लिहावे असे आम्हाला वाटले.

प्रथम खपाची गोष्ट. भारतात सर्वसामान्यांसाठी इंटरनेट १५ ऑगस्ट १९९५ रोजी सुरू झाले, तेव्हा जगात नेटस्केपचा बोलबाला होता. मायक्रोसॉफ्टने विंडोजबरोबर इंटरनेट एक्स्प्लोरर फुकट दिला आणि काही वर्षांतच नेटस्केपचा बाजार उठला. पुढे २००४ मध्ये फायरफॉक्स आणि २००८ मध्ये गूगलचा क्रोम आला. आज जगातला सुमारे दोन-तृतीयांश वापर एकट्या क्रोमचा आहे आणि आपल्या देशात तर त्याहून पुष्कळ जास्त. एक्स्प्लोरर मात्र जून २०२२ मध्ये बंद झाला. मोबाईलवर २०१६ च्या सुमारास आपल्याकडे यूसी ब्राउझर सर्वांत पुढे होता. जून २०२० मध्ये सरकारने त्यावर बंदी घातली. तात्पर्य, आज चालणारा माल उद्या चालेलच असे नाही.

जास्त खपाचा फायदा आहेच. साइट बनवणारे आधी क्रोमवर तपासून पाहतात, त्यामुळे काम अडत नाही. शिवाय एज, ब्रेव्ह, ऑपेरा आणि विवाल्डी यांच्या आत क्रोमचेच इंजिन आहे. फायरफॉक्सचे इंजिन वेगळे, पण जीएसटीची साइट त्यावरही चालते.

आता दुसरी गोष्ट, आपल्या सोयीने बदल करण्याची. तयार कपडा आणि मापाने शिवलेला कपडा यांतला फरक आमच्या शिंपी बांधवांना सांगायला नको. क्रोम हा तयार कपडा. रंग बदलता येतो, जोड-प्रोग्राम लावता येतात, पण एकूण ठेवण बदलत नाही. फायरफॉक्समध्ये वरच्या पट्टीवरची बटणे हवी तशी मांडता येतात, आणि अँड्रॉइड मोबाईलवरही जोड-प्रोग्राम चालतात. मोबाईलच्या क्रोमवर ती सोय नाही. विवाल्डी सर्वांत मोकळा. त्यात टॅबची पट्टी वर, खाली किंवा बाजूला, कुठेही ठेवता येते. मराठीची सोय क्रोम, एज आणि फायरफॉक्स या तिघांतही आहे.

परंतु सोयीबरोबर जोखीम येते. पुष्कळ जोड-प्रोग्राम आपण उघडलेले प्रत्येक पान वाचण्याची परवानगी मागतात. त्यात बँकेचे पानही आले. अनोळखी जोड-प्रोग्रामला ती परवानगी देणे म्हणजे परक्या माणसाला गल्ल्यावर बसवणे होय. तसेच पासवर्ड ब्राउझरमध्ये जपून ठेवला, की त्या संगणकावर बसणारा कोणीही आपल्या नावाने आत शिरू शकतो. दुकानात नोकर आणि घरची मुले एकच संगणक वापरत असतील, तर याचा विचार आधी करावा.

आमचा सल्ला असा: संगणकावर दोन ब्राउझर ठेवावेत. एक फक्त बँक आणि जीएसटीसाठी, त्यात एकही जोड-प्रोग्राम नको आणि पासवर्डही साठवू नये. दुसरा बाकीच्या कामांसाठी, तो हवा तसा सजवावा. एक अडला तर दुसरा हाताशी राहतो. दोन्ही वेळोवेळी अद्ययावत करावेत. यापैकी एकालाही पैसा पडत नाही. थोडी शिस्त पाळली, तर कष्टाची कमाई सुरक्षित राहील.