चाळीस एकरांचे वचन

महात्मा जोतीराव फुले यांनी १८७३ साली ‘गुलामगिरी’ हे पुस्तक अमेरिकेतल्या सदाचारी लोकांना अर्पण केले, हे पुष्कळांना ठाऊक असेल. काळ्या लोकांना दास्यातून सोडविण्यासाठी त्या लोकांनी जो त्याग केला, त्याचे जोतीरावांना मोठे मोल वाटे. दास्य गेले खरे. पण सुटलेल्या माणसांच्या हाती जमीन आली का, आणि आलेली टिकली का, यावरून अमेरिकेत आजही वाद चालू आहे.

१८६५ च्या जानेवारीत, यादवी युद्ध संपत आले असता, सेनापती शर्मन याने एक हुकूम काढला. दक्षिणेच्या किनाऱ्यालगतची जमीन मुक्त झालेल्या कुटुंबांना घरटी ४० एकरांपर्यंत द्यावी, असा तो हुकूम होता. काहींना लष्कराची खेचरेही मिळाली. त्यावरून ‘चाळीस एकर आणि एक खेचर’ हे शब्द घरोघरी झाले. एप्रिलमध्ये अध्यक्ष लिंकन यांचा खून झाला. त्यांच्या जागी आलेल्या अँड्र्यू जॉन्सन यांनी त्याच वर्षी बहुतेक जमीन जुन्या मळेवाल्यांना परत देऊन टाकली. वचन तेवढे राहिले.

तरीही या लोकांनी पै-पै जोडून जमिनी घेतल्या. १९१० च्या सुमारास त्यांच्या मालकीची सुमारे दीड कोटी एकर जमीन होती. १९२० च्या गणतीत काळे शेतकरी सव्वानऊ लाख भरले, म्हणजे देशातल्या दर सात शेतकऱ्यांत एक. त्यांत दुसऱ्याच्या रानात वाट्याने राबणारेच जास्त, हेही सांगितले पाहिजे. २०२२ च्या गणतीत हा आकडा ४७ हजारांच्या आसपास आला. शंभरात दीडसुद्धा नाही! यंत्रे आली, माणसे शहरात गेली, शेतकरी सगळेच कमी झाले. पण काळ्यांची शेती गोऱ्यांच्या मानाने फारच झपाट्याने गेली.

याला एक कारण कर्जाचे. तिकडे केंद्राच्या कृषी खात्याची कर्जे जिल्ह्याच्या कचेरीतून मिळत. त्या कचेऱ्यांवरच्या स्थानिक समित्या बहुतेक गोऱ्यांच्या हाती. काळ्या शेतकऱ्याचा अर्ज महिनोन्महिने पडून राही, आणि मंजुरी येई तेव्हा पेरणीची वेळ टळून गेलेली असे. वापसा गेल्यावर मिळालेल्या पैशाचे काय होते, हे शेतकऱ्याला सांगायला नको. काहींना तर मंजूर झालेले पैसे उचलायलाही साहेबाची सही लागे. तक्रार करावी, तर १९८३ साली खात्याने तक्रारी तपासणारी शाखाच मोडीत काढली.

१९९७ साली नॉर्थ कॅरोलिनातल्या टिमथी पिगफर्ड या शेतकऱ्याने इतरांसह कृषी खात्यावर दावा लावला. १९९९ मध्ये तडजोड झाली. न्यायाधीश पॉल फ्रीडमन यांनी निकालपत्राची सुरुवातच त्या जुन्या चाळीस एकरांच्या वचनाने केली. पंधरा हजारांहून अधिक लोकांना बहुतेक प्रत्येकी ५० हजार डॉलर मिळाले. एवढ्यात तिकडे मोठा नवा ट्रॅक्टरही येत नाही. ज्यांचे अर्ज मुदतीनंतर आले त्यांच्यासाठी २०१० मध्ये सव्वाशे कोटी डॉलरची दुसरी तडजोड झाली.

दुसरे कारण घरातले, आणि सातबाऱ्यावर दहा नावे असलेल्या कुटुंबांना ते चटकन कळेल. मृत्युपत्र करायचे तर वकील गोरा, कोर्टही गोऱ्यांचे. त्यावर विश्वास कसा बसावा? म्हणून म्हातारा मृत्युपत्र न करताच जाई. जमीन सर्व वारसांची सामाईक होई. दोन पिढ्यांत वारस पन्नास, निम्मे दूरच्या शहरात. जमिनीचा दलाल त्यांतल्या एखाद्याला गाठून त्याचा चिमूटभर हिस्सा विकत घेई आणि कोर्टात वाटपाचा दावा लावी. इतके तुकडे पडत नाहीत म्हणून कोर्ट सगळ्या जमिनीचा लिलाव पुकारी, आणि रोकड असणारा तीच जमीन मातीमोलाने घेई. राबणाऱ्याने कधी सही केलेली नसे, तरी रान जाई. सगळे कायद्याने! याला आळा घालणारा नमुना कायदा २०१० मध्ये तयार झाला. त्यात उरलेल्या वारसांना रास्त किमतीत तो हिस्सा घेण्याचा पहिला हक्क आहे. वीसहून अधिक राज्यांनी तो स्वीकारला आहे.

खरी राजकीय झुंज २०२१ मध्ये जुंपली. काळ्या व इतर अल्पसंख्य शेतकऱ्यांच्या कर्जमाफीसाठी ४०० कोटी डॉलरचा कायदा झाला. गोरे शेतकरी कोर्टात गेले. वंश पाहून माफी देणे घटनेविरुद्ध आहे, असे त्यांचे म्हणणे. कोर्टांनी माफी थांबवली आणि २०२२ मध्ये ती रद्द झाली. गोऱ्यांचा युक्तिवाद वरवर बिनतोड वाटतो. पण कर्ज नाकारताना वंश पाहिला जात होता, तेव्हा घटना कोणाला आठवली नाही. त्याऐवजी, ज्यांना खात्याकडून भेदभाव सोसावा लागला अशा कोणाही शेतकऱ्यासाठी दुसरी तरतूद झाली आणि २०२४ मध्ये ४३ हजारांवर लोकांना सुमारे २०० कोटी डॉलर वाटले गेले. २०२५ च्या जुलैत मात्र कृषी खात्याने, योजनांत वंश किंवा स्त्री-पुरुष पाहून कोणाला प्राधान्य देणार नाही, असे जाहीर केले.

दक्षिणेतल्या काळ्या शेतकऱ्यांचा १९६७ पासूनचा एक सहकारी संघ आहे. अलाबामातल्या त्याच्या केंद्रात पीकपाण्याबरोबर आणखी एक गोष्ट शिकवतात. मृत्युपत्र कसे करावे, ती.