रांझ्याच्या पाटलाचे प्रकरण

रांझ्याच्या पाटलाचे प्रकरण ही १७व्या शतकात पुणे जहागिरीतील खेडेबारे तर्फेत घडलेली गुन्ह्याची व शिक्षेची घटना आहे. मौजे रांझे (सध्या पुणे जिल्ह्यातील भोर तालुका) येथील मोकदम बाबाजी बिन भिकाजी गुजर याने पदावर असताना केलेल्या गैरवर्तनाबद्दल शिवाजी महाराजांनी त्याचे हातपाय तोडण्याची शिक्षा दिली आणि त्याची पाटीलकी काढून घेतली. या प्रकरणाची माहिती २८ जानेवारी १६४६ रोजीच्या पत्रातून मिळते. शिवाजी महाराजांची संस्कृत मुद्रा असलेल्या व अस्सल मानल्या जाणाऱ्या सर्वांत जुन्या पत्रांमध्ये त्याची गणना होते. त्या वेळी महाराजांना १६वे वर्ष पूर्ण व्हायचे होते.

प्रदेश

भोर व वेल्हे (राजगड) हे तालुके सह्याद्रीच्या पूर्व उतारावरील मावळ प्रदेशात येतात. नदीच्या एकेका खोऱ्याला मावळ म्हणत. हिरडस मावळ, गुंजण मावळ, कानद खोरे, रोहिड खोरे, वेळवंड खोरे आणि खेडेबारे ही त्यांपैकी काही नावे होत. पश्चिमेला वेल्ह्याहून केळदकडे जाणाऱ्या वाटेवरील पासलीसारखी गावे घाटमाथ्यालगत, अतिपावसाच्या पट्ट्यात आहेत. रांझे हे पूर्वेकडील तुलनेने मोकळ्या भागात, खेड-शिवापूरजवळ आहे. गावातील रांझेश्वर महादेवाचे मंदिर व तेथील पाण्याची कुंडे प्रसिद्ध आहेत.

खोऱ्यांमध्ये भात हे मुख्य पीक असून डोंगरउतारावर नाचणी व वरी घेतली जाते. भात आणि नाचणीची भाकरी हा येथील नित्याचा आहार. शेतजमीन थोडी आणि पीक पावसावर अवलंबून असल्यामुळे धान्याच्या राशीतील वाटा कोणाला व किती मिळावा, हा प्रश्न गावगाड्यात महत्त्वाचा होता. गावातील अधिकारपदांची रचना या वाट्यांशी निगडित होती.

पाटील व वतन

पाटील किंवा मोकदम हा गावाचा प्रमुख असे. सारा वसूल करणे, लागवड वाढवणे, तंटे मिटवणे आणि गावाच्या वतीने सरकारात बोलणे ही त्याची कामे होती. हिशेबाचे काम कुलकर्णी पाहत असे. अनेक गावांच्या समूहावर देशमुख व देशपांडे असत. ही सर्व पदे वतनी, म्हणजे वंशपरंपरागत होती. पाटलाला जमीन, धान्यातील हक्क, बलुतेदारांकडून मिळणाऱ्या वस्तू व सेवा आणि सण-समारंभातील पहिला मान मिळत असे.

वतन हे उत्पन्नाचे साधन होते तसेच कुळाच्या प्रतिष्ठेचेही. त्यामुळे वतनावरून भाऊबंदकी होई आणि प्रसंगी खूनही पडत. मावळातील देशमुख घराण्यांच्या कागदपत्रांत अशा वैरांच्या नोंदी आढळतात. वरची सत्ता निजामशाहीची असो की आदिलशाहीची, गावात पाटलाचा अधिकार टिकून राही. साराही त्याच्यामार्फतच येत असल्याने त्याच्याविरुद्ध कारवाई करणे सत्ताधाऱ्यांना गैरसोयीचे असे. पाटलाने अन्याय केल्यास सामान्य रयतेला दाद मागण्याचे मार्ग फार थोडे होते.

गुन्हा व चौकशी

पुणे परगणा शहाजीराजे भोसले यांच्या जहागिरीत होता. जहागिरीचा कारभार जिजाबाई व शिवाजी महाराज यांच्या नावाने चालत असे आणि दादोजी कोंडदेव हे त्यातील प्रमुख अधिकारी होते. याच काळात रांझ्याच्या पाटलाविरुद्धची तक्रार महाराजांपर्यंत पोहोचली.

पत्रात गुन्ह्यासाठी ‘बदअमल’ असा शब्द आला आहे. बदअमल म्हणजे वाईट वर्तन किंवा दुराचार. पत्रात अधिक तपशील नाही. हा गुन्हा स्त्रीवरील अत्याचाराचा होता, असे परंपरेने व बहुतेक अभ्यासकांनी मानले आहे. पीडित स्त्रीचे नाव पत्रात येत नाही.

पत्रातील घटनाक्रम असा : प्रकरण कळल्यावर बाबाजी गुजर याला समोर आणण्यात आले, चौकशी करण्यात आली व आरोप खरा ठरला. त्यानंतर त्याचे हातपाय तोडण्यात आले आणि पाटीलकी सरकारजमा झाली. शिक्षेपूर्वी चौकशी झाल्याचा स्पष्ट उल्लेख हे या पत्राचे महत्त्वाचे वैशिष्ट्य आहे.

पाटीलकीची पुनर्व्यवस्था

पत्राचा उत्तरार्ध शिक्षेनंतरच्या व्यवस्थेविषयी आहे. गुजरांच्या गोतातील सोनजी बिन बनाजी गुजर याने बाबाजीला आपल्या हवाली करावे, अशी विनंती केली. अपंग झालेल्या बाबाजीच्या पालनपोषणाची जबाबदारी त्याने स्वीकारली व दिवाणात होनांच्या स्वरूपात रक्कम भरण्याचे मान्य केले. त्यानुसार बाबाजीला त्याच्या स्वाधीन करण्यात आले आणि रांझ्याची पाटीलकी सोनजीला देण्यात आली.

ही व्यवस्था त्या काळातील न्यायपद्धतीशी सुसंगत होती. दोषी व्यक्तीकडून किंवा तिच्या वतीने घेतल्या जाणाऱ्या दंडाला ‘गुन्हेगारी’, तर हक्क मान्य झाल्यावर सरकारला द्यायच्या रकमेला ‘शेरणी’ किंवा ‘हरकी’ म्हणत. गोत, म्हणजे नातलग व समाजबांधव यांचा समूह, अशा व्यवहारांत जामीन व साक्षीदार म्हणून सहभागी होत असे. रांझ्याच्या प्रकरणात गुन्हेगाराचा अधिकार गेला, पण वतन त्याच कुळात राहिले. त्यामुळे गावाचा कारभार खंडित झाला नाही आणि संपूर्ण घराणे सत्तेचे शत्रूही बनले नाही.

शिक्षेचे स्वरूप

दोन्ही हात व दोन्ही पाय तोडण्याच्या शिक्षेला ‘चौरंग करणे’ असे म्हटले जाई. अवयव तोडण्याच्या शिक्षा १७व्या शतकात भारतात तसेच युरोपातही प्रचलित होत्या. त्यामुळे ही शिक्षा त्या काळाच्या मानाने अपूर्व नव्हती. ती गावातील सर्वांत प्रबळ वतनदाराला झाली, यात तिचे वेगळेपण आहे. आजच्या कायद्याच्या दृष्टीने अशी शिक्षा अमानुष ठरते. म्हणूनच या घटनेचा विचार करताना शिक्षेचा प्रकार आणि तिच्यामागील तत्त्व यांत फरक करणे आवश्यक असते.

पत्र व लोककथा

‘रांझ्याचा पाटील’ ही कथा व्याख्याने, पोवाडे, नाटके आणि चित्रपटांतून महाराष्ट्रभर पोहोचली आहे. लोकप्रिय कथनांत पीडितेची आत्महत्या, पाटलाचा उद्दाम जबाब, भरलेली सदर असे प्रसंग रंगवले जातात. हे तपशील मूळ पत्रात नाहीत. पत्राची भाषा कोरडी, कार्यालयीन व फार्सी शब्दांनी युक्त आहे. रांझ्याच्या पाटीलकीवर सोनजीचा हक्क नोंदवणे हाच त्याचा प्रत्यक्ष हेतू होता. गुन्ह्याची हकीकत त्यात पार्श्वभूमी म्हणून आली आणि वतनाचा कागद जपला गेल्यामुळे ती टिकली.

महत्त्व

महाराजांच्या कारभाराच्या आरंभकाळाविषयी समकालीन कागदपत्रे मोजकीच आहेत. त्यामुळे हे पत्र राजकीय इतिहासाप्रमाणेच न्यायव्यवस्था, वतनपद्धती व गावगाडा यांच्या अभ्यासासाठीही महत्त्वाचे ठरते. रयतेला अधिकाऱ्यांच्या जुलुमापासून संरक्षण देण्याचे धोरण महाराजांच्या पुढील काळातील पत्रांतही दिसते. ५ सप्टेंबर १६७६ रोजी प्रभावळीचे सुभेदार रामाजी अनंत यांना पाठवलेल्या पत्रात रयतेच्या मालाला हात न लावता, इमानाने कारभार करण्याची ताकीद आहे. रांझ्याचे पत्र त्याच्या ३० वर्षे आधीचे आहे. वंशपरंपरागत अधिकार असलेली व्यक्तीही गुन्ह्यासाठी उत्तरदायी असते आणि वतन हे गैरवर्तनाला संरक्षण देत नाही, हे तत्त्व त्यात प्रत्यक्ष कृतीतून नोंदले गेले आहे.