इंग्रजी बोलण्याची परीक्षा आणि मराठी जीभ

परदेशीं शिक्षणासाठीं किंवा नोकरीसाठीं जाणाऱ्या मुलामुलींना हल्लीं बहुधा इंग्रजीची एक स्वतंत्र परीक्षा द्यावी लागते. अशा परीक्षांपैकीं ‘आयेल्ट्स’ या नांवाची परीक्षा आपल्याकडे विशेष परिचयाची आहे. १९८९ सालीं सुरू झालेल्या या परीक्षेचे चार भाग असतात: ऐकणें, वाचणें, लिहिणें आणि बोलणें. पहिल्या तिन्हींची तयारी आपलीं मुलें पुस्तकांच्या आणि सरावाच्या बळावर करितात. चौथ्यापाशीं मात्र पुष्कळांचा धीर सुटतो. शुल्क पंधरा हजार रुपयांहून अधिक, निकाल ग्राह्य धरण्याची मुदत सामान्यतः दोनच वर्षें, आणि विद्यापीठानें मागितलेल्या श्रेणीहून अर्धी श्रेणी कमी पडली तरी प्रवेश हातचा जाण्याचा संभव. तेव्हां श्रोतेहो, या चौथ्या भागांत मराठी मुलाचें नेमकें कोठें अडतें, तें आज पाहूं.

प्रथम परीक्षेचें स्वरूप सांगतों. परीक्षक ११ ते १४ मिनिटें समोरासमोर बोलतो. आरंभीं घर, गांव, अभ्यास यांविषयीं साधे प्रश्न. मग एका चिठ्ठीवर विषय देऊन विचारास १ मिनिट आणि सलग बोलण्यास १ ते २ मिनिटें. शेवटीं त्याच विषयाच्या अनुषंगानें अधिक खोल चर्चा. गुण चार गोष्टींस सारखेच दिले जातात: ओघ व सुसंगति, शब्दसंपत्ति, व्याकरण आणि उच्चार. यांत ‘साहेबासारखें बोलणें’ ही पांचवी गोष्ट कोठेंच नाहीं. उच्चाराचें मराठी वळण हा दोष नव्हे. त्यापायीं ऐकणारास कष्ट पडले कीं तो दोष. हें मी मुद्दाम ठासून सांगतों, कारण अमेरिकन ढंग आणण्याच्या नादांत चांगलीं बोलकीं मुलें अडखळूं लागलेलीं मीं पाहिलीं आहेत.

मग ऐकणारास कष्ट पडतात तरी कोठें? आपल्या शुद्धलेखनाचा एक नियम सर्वांनीं शाळेंत घोकलेला असतो, कीं अकारान्त मराठी शब्दाचा उपान्त्य इकार-उकार दीर्घ. मीठ, पीठ, तीळ, दूध, मूल, फूल. हा केवळ लेखणीचा नियम नाहीं, ती आपल्या जिभेची संवय आहे. व्यंजनानें संपणारा लहानसा शब्द आला कीं आंतील स्वर आपण नकळत लांबवितों. मराठींत त्यानें कांहीं बिघडत नाहीं. इंग्रजींत तेथेंच अर्थ पालटतो. ‘फिल’ म्हणजे भरणें, ‘फील’ म्हणजे वाटणें. ‘शिप’ म्हणजे जहाज, ‘शीप’ म्हणजे मेंढी. ‘फुल’ म्हणजे भरलेलें आणि ‘फूल’ म्हणजे मूर्ख, म्हणून पेला भरलेला आहे असें सांगूं जाणारा मुलगा बिचाऱ्या पेल्यासच मूर्ख ठरवितो! इंग्रजीचे हे ऱ्हस्व स्वर नुसते आंखूड नसतात, त्या वेळीं जबडा आणि ओठहि किंचित् सैल असतात. घरीं दोघांनीं बसून याचा सराव करावा. एकानें जोडींतील कोणताहि शब्द म्हणावा. दुसऱ्यानें पाठ फिरवून तो कोणता, हें कागदावर लिहावें. पंधरा दिवसांत कान तयार होतो, आणि कान तयार झाल्यावांचून जीभ तयार होत नाहीं.

दुसरी अडचण ‘झ’ची. ‘झाड’ म्हणतांना आपली जीभ दांतांच्या मुळाशीं टेकते आणि मग सुटते. इंग्रजी ‘झिरो’मध्यें ती टेकतच नाहीं, तेथें भुंग्याच्या गुणगुणण्यासारखा अखंड ध्वनि निघतो. या बाबतींत परभणीकरांना एक सोय आयतीच मिळालेली आहे. सप्टेंबर १९४८ पर्यंत आपला जिल्हा निजामाच्या हैदराबाद संस्थानांत होता. कारभार उर्दूंत चाले, आणि १९१८ सालीं सुरू झालेल्या उस्मानिया विद्यापीठाचें शिक्षणहि उर्दूंतून असे. ती राजवट गेली, तरी उर्दू आणि दखनी आपल्या बाजारांत व शेजारांत नांदत राहिल्या. उर्दू बोलणारा शेजारी ‘ज़मीन’, ‘ज़रा’, ‘रोज़’ म्हणतांना जो ध्वनि काढतो, तोच इंग्रजी ‘झिरो’चा ध्वनि. तो लहानपणापासून कानांवर असूनहि इंग्रजी बोलतांना आमच्या मुलांना आठवत नाहीं, याचें मला नवल वाटतें. ‘प्राइस’ म्हणजे किंमत आणि ‘प्राइझ’ म्हणजे बक्षीस, हा भेद त्या एका ध्वनीवर उभा आहे.

‘व्ह’च्या बाबतींत तर आपल्या लिपीनेंच आपणांस थोडें फसविलें आहे. ‘व्हेस्ट’ म्हणजे बंडी आणि ‘वेस्ट’ म्हणजे पश्चिम, हा फरक दाखविण्यासाठीं आपण ‘व’ला ‘ह’ जोडतों. वास्तविक मूळ उच्चारांत ‘ह’चा लवलेश नाहीं. वरचे दांत खालच्या ओठावर हलके टेकवून आवाज सोडला कीं पहिला ध्वनि निघतो. दांत दूर ठेवून ओठांचा चंबू केला कीं दुसरा. उलट ‘ॲ’ आणि ‘ऑ’ या चिन्हांनीं लिपीनें आपणांवर उपकारच केले आहेत; ‘बॅट’ आणि ‘बेट’ यांत आपला मुलगा सहसा चुकत नाहीं. ‘थिंक’मधील ‘थ’ आपण मराठीसारखा म्हणतों, पण तेवढ्यानें समजण्यास फारशी अडचण येत नाहीं, म्हणून त्यापायीं झोप घालवूं नये.

सुट्या ध्वनींपेक्षां मोठी गोष्ट आहे ती आघाताची. मराठींत आपण प्रत्येक अक्षरास जवळजवळ सारखें वजन देतों. इंग्रजींत एका अक्षरावर जोर पडतो आणि शेजारचीं अक्षरें अर्धीमुर्धीं गिळलीं जातात. ‘डेव्हलप’ या शब्दांत आपण ‘डे’वर जोर देतों, इंग्रज ‘व्हे’वर देतो. ‘हॉटेल’मध्यें त्याचा जोर ‘टे’वर. ‘रेकॉर्ड’ हें नाम असेल तर जोर आरंभीं, क्रियापद असेल तर शेवटीं. ‘फोटोग्राफ’ शब्दांत जोर पहिल्या अक्षरावर असतो. तोच ‘फोटोग्राफर’ झाला कीं दुसऱ्यावर सरकतो आणि सारा शब्द ‘फटॉग्रफर’ असा ऐकूं येतो. चांगल्या कोशांत जोराच्या अक्षरापूर्वीं एक बारीक उभी रेघ छापलेली असते. शब्द वहींत उतरवितांना अर्थाच्या आधीं ती रेघ उतरावी. तर्खडकरांच्या भाषांतर पाठमालेवर वाढलेल्या पिढ्यांचें व्याकरण पक्कें असे, पण ही रेघ त्यांना कोणी फारशी दाखविली नाहीं. सन २००० पासून महाराष्ट्रांत पहिलीपासून इंग्रजी आलें, त्यापूर्वीं सामान्यतः तें पांचवींत सुरू होई. वर्षें वाढलीं, कानाचें शिक्षण मात्र तितकें वाढलें नाहीं, असें माझें मत आहे.

शब्दसंपत्तीविषयीं लोकांचा समज असा, कीं अवघड शब्दांच्या याद्या पाठ केल्या म्हणजे काम झालें. परंतु शब्द एकटा राहत नाहीं, त्याला सोबत लागते. आपल्याला स्वप्न ‘पडतें’. इंग्रजींत तें पडत नाहीं, माणसाला तें ‘असतें’. आपण परीक्षा ‘देतों’. इंग्रज विद्यार्थी ती ‘घेतो’. शब्दशः भाषांतर करून आपला मुलगा ‘गिव्ह’ म्हणाला, तर हा परीक्षार्थी कीं शिक्षक, असा प्रश्न परक्या परीक्षकास पडावा. आपला चहा कडक, त्यांचा ‘स्ट्राँग’. आपला पाऊस मुसळधार, त्यांचा ‘हेवी’. म्हणून वहींत ‘रेन’ एवढेंच न लिहितां ‘हेवी रेन’ असा जोडशब्दच लिहावा. रोज असे पांच पुरेत, मात्र त्याच दिवशीं ते वाक्यांत घालून मोठ्यानें बोलावेत. आकाशवाणीच्या इंग्रजी बातम्या ऐकतांना निवेदकाच्या पाठोपाठ पुटपुटणें आणि आपलें दोन मिनिटांचें बोलणें मोबाइलवर ध्वनिमुद्रित करून दुसऱ्या दिवशीं ऐकणें, या दोन गोष्टींस पैसा लागत नाहीं.

चिठ्ठीवरील विषयासाठीं मुलें ताजमहालावरचें तयार भाषण पाठ करून जातात. पाठ केलेलें बोलणें परीक्षक तेव्हांच ओळखतो. जें स्वतः पाहिलें आहे तेंच बोलावें: मानवतच्या बाजारांतील कापसाच्या गाड्या, पूर्णा जंक्शनवरील गर्दी, गंगाखेडचा गोदाकाठ. आवडत्या खाद्यपदार्थाविषयीं विचारलें तर खुशाल हुरड्याचें सांगावें. ‘हुरडा’ या शब्दास इंग्रजींत सुटसुटीत प्रतिशब्द नाहीं, म्हणून मुलगा तेथें थांबतो, आणि अशा थांबण्यानेंच गुण जातात. त्यानें तो शब्द तसाच उच्चारून पुढें चालावें: हिवाळ्यांत ज्वारीचीं कणसें कोवळीं असतांना तीं शेतांतच गोवऱ्यांच्या आगटींत भाजतात, हातावर चोळून दाणे मोकळे करितात आणि गरम असतांनाच खातात. एवढें चार सोप्या वाक्यांत सांगतां आलें, तर परीक्षक तें उणें समजत नाहीं. शब्द नसतां अर्थ फिरवून सांगतां येणें ही शब्दसंपत्तीचीच एक कसोटी मानलेली आहे. ज्वारीला ‘सॉरगम’ म्हणतात, हें ठाऊक असल्यास उत्तम. ऐन वेळीं आठवलें नाहीं, तर ‘आमच्या भाकरीचें धान्य’ असें इंग्रजींत म्हणावें आणि पुढचें वाक्य बोलावें.